भर वस्तींतील प्रयोगशाळा

आमच्या शाळेची विज्ञानाची खोली रस्त्याला लागून आहे, हें ज्यांनीं त्या खोलींत तास काढले आहेत त्यांस सांगावयास नकोच. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गाला कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी दाखवीत असतां बाहेरून खडीनें भरलेला एक ट्रक गेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली मुलगी एकदम म्हणाली, "सर, पेशी नाचताहेत!" वर्गांत हंशा पिकला, परंतु तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. भिंगांची शक्ति ४०० पट होती. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. भिंग व काच यांच्यामध्यें अवघ्या ५ मायक्रॉनांचा हिसका बसला, तरी डोळ्याला चित्र २ मिलिमीटर सरकलेलें दिसतें. आणि एवढें सरकलें म्हणजे तें नाचल्यासारखेंच वाटणार.

तास संपल्यावर तीच मुलगी परत आली. "मोठ्या शहरांत तर रात्रंदिवस गाड्या धांवतात. मग तेथल्या शास्त्रज्ञांचीं यंत्रें कशीं चालतात?" तेथें इमारती भक्कम बांधतात, एवढेंच उत्तर आम्हीं त्या वेळीं दिलें, आणि तें किती अपुरें होतें हें घरीं जातांना वाटेंतच आमच्या ध्यानांत आलें. भक्कमपणा हा त्या प्रश्नाचा एक कोपरा झाला. खरा प्रश्न असा, कीं जी वास्तु शहराच्या धक्क्यांपासून जपली पाहिजे, व जिच्यापासून शहरालाही जपलें पाहिजे, ती मुळांत भर वस्तींत बांधावीच कां, आणि बांधावयाची तर कशी. त्या मुलीचें देणें आम्ही येथें फेडूं पाहतों.

उदाहरणासाठीं एकच इमारत घेऊं. लंडन शहराच्या मध्यभागीं फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट नांवाची वैद्यकीय संशोधनाची एक प्रचंड प्रयोगशाळा आहे. तिचें बांधकाम २०११ सालीं सुरू झालें, २०१६ च्या उन्हाळ्यांत पुरें झालें, आणि त्याच वर्षीं ९ नोव्हेंबर रोजीं राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. खर्च ६५ कोटी पौंडांच्या घरांत गेला. सुमारें १,५०० माणसांच्या कामाची सोय व्हावी अशा हिशेबानें ती आंखलेली असून जमिनीवर आठ व जमिनीखालीं चार असे तिचे मजले आहेत. जिच्या नांवानें ती ओळखली जाते त्या फ्रान्सिस क्रिक यांनीं जेम्स वॉटसन यांच्यासह १९५३ सालीं डी.एन.ए. या द्रव्याची दुहेरी पिळाची रचना जगापुढें मांडली, हें दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, कर्करोगाच्या संशोधनासाठीं लोकांच्या देणग्यांवर चालणारी तेथील मोठी संस्था, वेलकम ट्रस्ट व लंडनमधील तीन विद्यापीठीय संस्था अशा सहा जणांनीं मिळून हा संसार थाटला. पहिले संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर पॉल नर्स हे होते.

आतां जागा पाहा. पूर्वेस सेंट पँक्रस हें रेल्वेचें मोठें स्थानक. येथूनच समुद्राखालच्या बोगद्यांतून पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्या २००७ सालापासून सुटतात. स्थानक व प्रयोगशाळा यांच्यामधल्या रस्त्याच्या खालूनही आगगाडी जाते व तेथें जमिनीखालचें एक स्थानक आहे. दक्षिणेस ब्रिटिश लायब्ररी. तिचीं पुस्तकांचीं तळघरें जवळजवळ २४ मीटर खोल गेलेलीं. पश्चिमेस व उत्तरेस सोमर्स टाऊन ही दाट, बहुतांशी कष्टकरी लोकांची वस्ती. सुमारें साडेतीन एकरांचा हा तुकडा पूर्वीं रेल्वेच्या मालधक्क्याचा भाग होता. या भागाला घरें उठविली जाण्याची जुनी संवय आहे. १८६० नंतरच्या दशकांत सेंट पँक्रस स्थानकासाठीं हजारों गरिबांचीं घरें पाडलीं गेलीं, व पुढें मालधक्क्यासाठीं आणखी गेलीं. मालधक्का गेल्यावर दक्षिणेकडच्या भागावर ग्रंथालय उभें राहिलें, आणि उत्तरेकडचा तुकडा उरला. त्याला साडेआठ कोटी पौंड मोजण्यांत आले. आगगाड्या, मोटारी, उद्वाहक, पादचारी यांच्या गजबजाटांत, जेथें आमच्यासारखा माणूस घड्याळदुरुस्तीचें दुकानही थाटणार नाहीं, तेथें या मंडळींनीं जगांतील सर्वांत नाजूक यंत्रें मांडण्याचें ठरविलें!

असें कां केलें? याचें उत्तर पाहण्यापूर्वीं ही मंडळी कोठून आलीं तें सांगितलें पाहिजे. त्यांतील मोठा गट मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेंतून आला. मिल हिल म्हणजे लंडनच्या उत्तर टोकाची टेकडी. भोंवतीं झाडी व मोकळीं मैदानें, वर हिरव्या तांब्याचें छप्पर असलेली भव्य इमारत. १९५० पासून संस्था तेथें नांदली. विषाणूंच्या वाढीला आळा घालणारें इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य १९५७ सालीं आयझॅक्स व लिंडेनमान यांना सांपडलें तें याच टेकडीवर. शांतता, जागा, कीर्ति, सर्व कांहीं तेथें होतें. त्यामुळें शहरांत जाण्याचा बेत निघाला तेव्हां मिल हिलच्या पुष्कळ शास्त्रज्ञांनाच तो रुचला नाहीं, व त्यांनीं तसें उघडपणें बोलूनही दाखविलें.

बेत करणाऱ्यांचें म्हणणें असें होतें. रोगाचें संशोधन आतां एकट्या वैद्याच्या किंवा एकट्या जंतुशास्त्रज्ञाच्या हातीं राहिलेलें नाहीं. कर्करोगाची एक गांठ घ्या. ती कापून काढणारा शल्यवैद्य रुग्णालयांत, तिच्या पेशींचा अभ्यास करणारा जीवशास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत, तिच्यांतील प्रथिनांची घडण मोजणारा पदार्थवैज्ञानिक विद्यापीठांत, आणि त्या सर्व मोजमापांतून अर्थ काढणारा गणिती आणखी कोठें तरी. गांठ शरीराबाहेर आल्यापासून तिच्यांतील जिवंतपणा घटकेघटकेला ओसरूं लागतो. ती टेकडीवर पोंचेपर्यंत तिच्यांतून कळण्यासारखें पुष्कळसें हरवून गेलेलें असतें. उलट सोमर्स टाऊनपासून विद्यापीठाचें मोठें रुग्णालय पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. आणि केंब्रिजहून येणारी गाडी शेजारच्याच किंग्ज क्रॉस स्थानकांत थांबते. जेथें रोगी तेथें वैद्य, हें आपण समजतों. जेथें रोगी तेथेंच रोगाचा अभ्यासक, ही त्याचीच पुढची पायरी झाली.

यासाठीं आपल्याला लंडनपर्यंत जावयासही नको होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उठली तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं लसीचें काम ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत, सांथीच्या तोंडाशीं बसून केलें, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं पहिली टोचणी स्वतःलाच करून घेतली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानांत गेली. हीच आजची हाफकिन संस्था; हें नांव तिला १९२५ सालीं मिळालें. तेव्हांच्या परळला गिरण्या होत्या, चाळी होत्या, आणि प्लेगही होता. प्रयोगशाळा माथेरानला नेली असती तर हवा अधिक चांगली मिळाली असती यांत शंका नाहीं. परंतु परळच्या वाड्याचा व लंडनच्या इमारतीचा भेद एका बाबतींत मोठा आहे. परळला राजवाडा आयता मिळाला व त्यांत प्रयोगशाळा बसविली गेली. लंडनला प्रयोगशाळेच्या गरजेभोंवतीं इमारत विणावी लागली.

त्या विणकामाची सुरुवात जमिनीच्या पोटांत झाली. इमारतीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जमिनीखालीं आहे. इमारत फार उंच केली असती तर शेजारच्या घरांचा उजेड गेला असता आणि स्थानकाचा जुना मनोरा दृष्टिआड झाला असता. म्हणून जितकें खालीं नेतां येईल तितकें नेलें. याशिवाय दुसरें कारण विज्ञानाचें आहे. उंच माडाचा शेंडा वाऱ्यानें डोलतो, बुंधा डोलत नाहीं. इमारतीचेंही तसेंच असल्यामुळें हलणें ज्यांना मुळींच खपत नाहीं त्या यंत्रांना तळाशीं नेऊन बसविणें श्रेयस्कर. विजेरी सूक्ष्मदर्शक म्हणजे प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांच्या झोतानें पाहणारीं यंत्रें, व प्रचंड शक्तीचे लोहचुंबक, यांसाठीं तळघर ही हक्काची जागा होय. प्रयोगासाठीं पाळलेले उंदीर व लहान मासे यांचीही व्यवस्था खालींच आहे; त्यांना एकसारखें तापमान, ठराविक वेळीं उजेड व ठराविक वेळीं अंधार लागतो, आणि खिडकी नसलेल्या जागेंत तें साधणें सोपें.

चार मजल्यांइतका खोल खड्डा भर शहरांत खणणें ही गोष्ट सोपी नाहीं. आपल्याकडे विहीर खणतांना आधीं खणतात आणि मग बांधून काढतात. दाट वस्तींत असें केलें तर खड्ड्याच्या कडेची माती आंत सरकते व तिच्याबरोबर शेजाऱ्याची भिंत तडकते. म्हणून अशा ठिकाणीं भिंत आधीं व खड्डा मागून अशी उलटी रीत असते. खड्ड्याच्या सीमेवर जमिनींत खोल भोंकें पाडून त्यांत लोखंडाच्या सळ्या व काँक्रीट भरतात. अशा खांबांची एकास एक लागून भिंत तयार झाली म्हणजे मगच आंतली माती काढूं लागतात. लंडनची माती आणखी एक खोडी करते. शहराच्या खालीं करड्या चिकणमातीचा जाड थर असून लक्षावधि वर्षें वरच्या ओझ्यानें तो दाबला गेला आहे. वरचें ओझें काढलें कीं दाबलेली उशी फुगावी तसा तो हळूहळू वर फुगूं लागतो, आणि हें फुगणें वर्षानुवर्षें चालतें. तेव्हां तळमजल्याची फरशी वरचें वजन पेलण्याइतकी मजबूत असून भागत नाहीं. खालून येणारा रेटाही तिनें सोसला पाहिजे. शेजारीं आगगाडीचे बोगदे, दुसऱ्या अंगाला अमोल ग्रंथांनीं भरलेलीं तळघरें. येथें दोन बोटांची चूकही महागांत पडली असती.

आतां आमच्या विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न घेऊं. इमारतीचें कंपन मोजतांना फरशी सेकंदाला किती वेगानें मागेंपुढें होते तें मायक्रॉनांत सांगतात. कचेरींत सेकंदाला ४०० मायक्रॉनपर्यंतचें कंपन चालवून घेतात. शस्त्रक्रियेच्या खोलींत १०० च्या आंत असावें लागतें, व एवढें कंपन माणसाला बहुधा जाणवतच नाहीं. साध्या प्रयोगशाळेंतील चांगल्या सूक्ष्मदर्शकाला ५० च्या आंतली फरशी हवी. आणि अतिशय नाजूक विजेरी सूक्ष्मदर्शकाला? सुमारें ३! म्हणजे ज्या जागेवर आपण डोळे मिटून उभे राहिलों तर ती अगदीं निश्चल आहे असें शपथेवर सांगूं, तीही या यंत्राच्या दृष्टीनें होडीसारखी डोलत असते. हें यंत्र वस्तूला ५ लक्षपट मोठें करूं शकतें. एका मायक्रॉनाचा हिसका अशा वेळीं अर्ध्या मीटरच्या उडीएवढा होतो.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला जडपणाचा. हलकी वस्तु झटकन् हलते, जड वस्तु हलावयास नाखूष असते; म्हणून अशा इमारतींत काँक्रीटच्या जाड लाद्या घालतात, खांब जवळजवळ ठेवतात, व नाजूक यंत्राखालीं कित्येक टन वजनाचा वेगळा ओटा बांधून तो भोंवतालच्या फरशीपासून फट ठेवून तोडतात. दुसरा उपाय मऊपणाचा. तो जड ओटा हवेच्या उशांवर किंवा स्प्रिंगांवर तरंगत ठेवला, तर जमिनीचे जलद धक्के उशींतच जिरतात. जड ओट्याला त्यांच्या तालावर नाचण्यास वेळच मिळत नाहीं. बैलगाडीच्या लोखंडी धांवेवर बसून जाणें व रबरी चाकांच्या गाडींतून जाणें यांतला फरक ज्यानें अनुभवला आहे त्याला हें पटेल. दोन्ही उपाय एकत्र हवेत. मऊ उशीवर हलकें टेबल ठेवलें तर फायदा थोडा, उलट तें अधिकच लटपटेल.

येथें आमचें स्वतःचें एक बांधकाम सांगण्याचा मोह आवरत नाहीं. नववीच्या चार मुलांनीं स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूबांत अर्धवट हवा भरून त्या टेबलावर ठेवल्या, वर शाळेच्या आवारांत पडलेली शहाबादी फरशी ठेवली, आणि तिच्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. पुढचा ट्रक गेला तेव्हां पेशी अगदींच स्थिर राहिल्या असें नाहीं. पण नाचल्याही नाहींत, थोड्या शहारल्या इतकेंच. शिपायानें मात्र ट्यूबा पाहून हें पंक्चरचें दुकान केव्हां बंद होणार असें विचारलें.

कंपनाखेरीज आणखी एक अदृश्य शत्रु आहे, तो चुंबकत्वाचा. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाच्या ओढीनें वाकतो. त्याच गुणावर विजेरी सूक्ष्मदर्शकाचीं "भिंगें" चालतात, कारण तीं कांचेचीं नसून चुंबकाचीं असतात. पण शेजारून विजेची आगगाडी गेली, तिच्या तारांतील प्रवाह चढला-उतरला, किंवा उद्वाहकाचा लोखंडी डबा वर-खालीं झाला, कीं भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र किंचित् बदलतें व झोत ठिकाणावरून ढळतो. म्हणून अशीं यंत्रें गाड्यांपासून व उद्वाहकांपासून होतां होईल तों दूर नेतात, खोलीला विशिष्ट धातूंच्या पत्र्याचें अस्तर लावतात, किंवा भिंतींत तारांचीं वेटोळीं बसवून बाहेरच्या बदलाला तेवढाच उलटा बदल तत्काळ निर्माण करतात. प्रथिनांची घडण तपासणारे मोठे चुंबक याच्या उलट स्वतःच उपद्रवी. त्यांचें क्षेत्र भिंतीपलीकडे जातें. हृदयाची गति सांभाळणारें यंत्र ज्याच्या छातींत बसविलें आहे अशा माणसाला त्यांच्या जवळ जाऊं देत नाहींत.

आतांपर्यंत शहरापासून प्रयोगशाळेचें रक्षण झालें. प्रयोगशाळेपासून शहराचें रक्षण हा याहून गंभीर भाग, आणि तो जवळजवळ सगळा हवेवर अवलंबून आहे.

परळच्या जुन्या वाड्यांत उंच छत व मोठ्या खिडक्या होत्या, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणें उघडी खिडकी हाच आरोग्याचा मूलमंत्र होता. आजच्या जंतुप्रयोगशाळेची खिडकी कधींच उघडत नाहीं. तिचें कारण चुलीवरून समजेल. धुराड्यानें नीट ओढ घेतली म्हणजे स्वयंपाकघरांतला धूर माजघरांत येत नाहीं. माजघरांतली हवाच दाराच्या फटींतून चुलीकडे जाते. जंतूंच्या खोलींत हेंच घडवून आणतात. पंखे खोलींतली हवा सतत बाहेर ओढतात, त्यामुळें आंतला दाब बाहेरच्यापेक्षां थोडा कमी राहतो. हा फरक अगदीं थोडा, म्हणजे १० ते ३० पास्कल. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब सुमारें १ लक्ष पास्कल असतो हें ध्यानांत घेतल्यास तो किती अल्प तें कळेल. परंतु तेवढ्यानें हवेला एकच दिशा मिळते: ओसरींतून खोलींत, खोलींतून आंतल्या खोलींत, कधींही उलट नाहीं. अत्यंत घातक जंतूंच्या खोलींत जाण्यास एकामागें एक दोन दारें असतात व पहिलें बंद झाल्यावांचून दुसरें उघडत नाहीं.

ओढलेली हवा तशीच शहरावर सोडून कसें चालेल? ती अतिसूक्ष्म तंतूंच्या दाट गाळण्यांतून जाते. या गाळण्या ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकीं किमान ९,९९७ अडवितात. कोणास वाटेल कीं त्याहून लहान कण तर सहज निसटत असतील. गंमत अशी कीं तेही अडकतात, आणि अधिक चांगले अडकतात! मोठा कण जड असल्यामुळें वळण घेऊं शकत नाहीं व तंतूवर आदळतो. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावांकडा भटकतो व कोठें ना कोठें तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचाच तेवढा चोर हुशार, म्हणून परीक्षा त्याची घेतात. घन कचरा व भांडीं १२१ अंश उष्णतेच्या कोंडलेल्या वाफेंत ठेवतात. आपल्या घरच्या कुकरचाच हा थोरला भाऊ. ब्रिटनमध्यें जंतूंच्या धोक्याप्रमाणें प्रयोगशाळांचे चार वर्ग आहेत. क्रिक संस्थेंत तिसऱ्या वर्गापर्यंतचेंच काम होतें. ज्यांवर उपाय नाहीं अशा भयंकर विषाणूंचा चौथा वर्ग तेथें ठेवावयाचा नाहीं, हें प्रथमपासून जाहीर केलेलें होतें.

अशा प्रयोगशाळांतील हवा तासांत सहा ते बारा वेळां, कित्येकदां अधिक वेळां, सगळीच्या सगळी बदलावी लागते, आणि एकदां वापरलेली हवा पुन्हां घ्यावयाची नसते. हिवाळ्यांत ती सारी गार हवा तापवावयाची, उन्हाळ्यांत निववावयाची. यासाठीं लागणारीं यंत्रें इतकीं मोठीं असतात कीं पाहुण्यापेक्षां त्याचें सामान अधिक असा प्रकार होतो. क्रिक इमारतीवर दोन मोठीं बांकदार छपरें आहेत. छायाचित्रांत तीं पाहून आम्हांला प्रथम ती निव्वळ शोभा वाटली होती. प्रत्यक्षांत त्यांच्या पोटीं ही सारी तापविण्या-निवविण्याची यंत्रसामुग्री दडली आहे. वीज गेली तर पंखे थांबतील, पंखे थांबले तर हवेची दिशा जाईल. म्हणून विजेची दुसरी सोय तयार ठेवणें अशा इमारतींत अपरिहार्य असतें.

आंतील मांडणीविषयीं थोडक्यांत सांगतों. दोन बांके व त्यांच्यामधून दोघांना पाठीला पाठ लावून काम करतां येईल एवढी वाट, हें प्रयोगशाळेचें मूळ माप असून तें साधारणपणें ११ फुटांच्या आसपास येतें. पोळ्याच्या कोशांप्रमाणें तेंच पुन्हां पुन्हां योजतात, म्हणजे उद्यां संशोधनाचा विषय बदलला तरी भिंती पाडाव्या लागत नाहींत. क्रिकमध्यें मधोमध उंच मोकळा चौक ठेवून सर्व मजल्यांच्या लोकांची तेथें गांठ पडावी अशी योजना केली. लिहिण्या-वाचण्याच्या जागाही पुष्कळशा मोकळ्याच ठेवल्या. पण २०१७ सालीं तेथील कांहीं शास्त्रज्ञांची तक्रार वर्तमानपत्रांत आली, कीं या मोकळेपणांत गोंगाट फार होतो व चित्त एकाग्र होत नाहीं. आगगाडीचें कंपन जिंकणाऱ्या इमारतीला माणसाचें बोलणें जिंकतां आलें नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत वह्या तपासणाऱ्या आमच्यासारख्यांची त्या शास्त्रज्ञांना पूर्ण सहानुभूति आहे.

शेवटीं शेजाऱ्यांची गोष्ट, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोमर्स टाऊनच्या रहिवाशांपैकीं पुष्कळांनीं या इमारतीला कसून विरोध केला. त्यांचें म्हणणें दोन प्रकारचें होतें. एक भीतीचें: जंतु बाहेर पडले तर? कोणी घातपात केला तर? दुसरें हक्काचें: येथें घरांची टंचाई आहे, मुलांना खेळावयास जागा नाहीं, आणि या तुकड्यावर घरें होतील अशी आम्हांला आशा होती. डिसेंबर २०१० मध्यें कॅम्डनच्या नगरपालिकेनें बांधकामास परवानगी दिली. बदल्यांत संस्थेनें वस्तीसाठीं कांहीं रक्कम व सोयी द्याव्या असें ठरलें. इमारतींतच रहिवाशांच्या आरोग्यासाठीं एक केंद्र निघालें, आणि कॅम्डनच्या शाळकरी मुलांना येऊन स्वतः प्रयोग करतां यावेत अशी खास प्रयोगशाळा ठेवण्यांत आली.

विरोध करणारे अडाणी होते असें म्हणण्याची आपल्या सुशिक्षितांत एक रीत आहे. आम्हांला ती मान्य नाहीं. भीतीचें उत्तर हवेचा दाब, गाळण्या व चौथा वर्ग न ठेवण्याचें वचन यांनीं देतां येतें, व तें बऱ्याच अंशीं दिलेंही गेलें. परंतु घरांच्या मागणीचें उत्तर कोणत्याही गाळणींतून निघत नाहीं. तो दोन खऱ्या गरजांचा झगडा होता, आणि त्यांत एक गरज मागें पडली. आमचें मत विचाराल तर प्रयोगशाळा रुग्णालयांजवळच असावी या बाजूचें आम्ही आहों. मात्र हें मत देतांना आपलें घर कोणी मागत नव्हतें हेंही ध्यानांत ठेवावें लागतें.

२०२० च्या वसंतांत करोनाची सांथ लंडनवर कोसळली. रुग्णालयांतील परिचारिकांना व डॉक्टरांना आपल्यालाच रोग झाला आहे कीं नाहीं हें कळेना, कारण तपासणीची सोय अपुरी होती. क्रिकच्या शास्त्रज्ञांनीं आपलें नेहमींचें काम बाजूला ठेवून कांहीं आठवड्यांत इमारतीचा एक भाग तपासणीकेंद्रांत बदलला, आणि एप्रिलमध्यें जवळच्या रुग्णालयांतून नमुने तेथें येऊं लागले. नमुने हाताळण्यास योग्य खोल्या, हवेची ठरलेली दिशा, प्रशिक्षित माणसें व पायवाटेचें अंतर, सर्व आधींच तयार होतें. पुढें जानेवारी २०२१ मध्यें त्याच इमारतींत लस टोचण्याचें केंद्र उघडलें, व आसपासच्या वस्तींतील वृद्ध माणसें तेथें रांगेनें येऊं लागलीं. दहा वर्षांपूर्वीं या इमारतींतून जंतु बाहेर येतील म्हणून सभांतून बोलणारे कोणी त्या रांगेंत उभे होते कीं काय, हें कोणीं टिपून ठेवलेलें नाहीं. त्या तुकड्यावर हवीं असलेलीं घरें मात्र तेथें झालीं नाहींत तीं नाहींतच.